न झिजणारा डोंगर

शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी वर्गातल्या प्रयोगासाठी गॅलरीत करून ठेवलेला मातीचा डोंगर सासऱ्यांना बघवेना. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. त्यांच्या हातची एकही भिंत कधी खचली नव्हती. आणि सूनबाईंच्या डोंगराला नुसतं बोट लावलं तरी माती सुटत होती. उद्या शाळेत हा ढासळला तर पोरीची फजिती होईल, असं वाटून त्या भल्या माणसाने कुणाला न सांगता त्यावर सिमेंटचा हात फिरवला, वरून कोरडी माती भुरभुरवली आणि समाधानाने हात धुतले. डोंगर ढासळावा म्हणूनच केलाय, हे त्यांना सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. त्यांचा शेरा चांगला आला तरच बाईंची नोकरी कायम होणार होती. बाईंनी परातीतला डोंगर टेबलावर ठेवला.

"मुलांनो, पावसाने डोंगराची माती वाहून जाते आणि दऱ्या तयार होतात. आता बघा हं!"

झारीचं पाणी पडलं. वरची माती गेली आणि डोंगर आंघोळ करून आल्यासारखा उभा राहिला.

"बाई, दरी कुठाय?" प्रश्नपेटीने विचारलं. या मुलीचं खरं नाव आता फक्त हजेरीपुरतं उरलं होतं.

"येईल ना. डोंगर झिजायला वेळ लागतो."

"किती?"

"हजारो वर्षं."

"पण तास तर आत्ता संपेल!"

बाईंनी डोंगरावर टिचकी मारली. टण्ण! मग गवंड्याच्या थापीचे वळही दिसले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"माती कुठून आणलीत?" साहेबांनी मान उंच करून विचारलं.

"सासरची आहे," बाई दातओठ खात म्हणाल्या.

मुलांना मात्र चेव आला. हा झिजतो कसा नाही ते बघूच, म्हणून त्यांनी आपापल्या बाटल्या डोंगरावर रिकाम्या केल्या. मग कुणीतरी बादली आणली. परात भरून वाहू लागली, पाणी टेबलावरून फरशीवर, फरशीवरून दाराबाहेर आणि पायरीवरून थेट हेडसरांच्या गुलाबाच्या वाफ्यात शिरलं. वाफा कालच खणलेला, माती भुसभुशीत.

"बाई, दरी! दरी बाहेर आहे!" प्रश्नपेटी दारातून ओरडली, तसा अख्खा वर्ग बाहेर धावला. मागोमाग साहेबही. पाणी दगडांना वळसे घालत माती कापत होतं आणि खाली गाळ पसरत होता. बाईंना रडू कोसळायचंच बाकी होतं. तपासणीच्या दिवशीच हेडसरांची बाग बुडवली. आता कसली नोकरी!

"माझे गुलाब!" हेडसर धावत आले. "कुणाचा हा उद्योग?"

"सर, जरा सरका," उकिडवे बसलेले साहेब म्हणाले. "तुम्ही त्रिभुज प्रदेशात उभे आहात."

हेडसरांनी बाईंना झापायला तोंड उघडलं, तेवढ्यात प्रश्नपेटीने त्यांची बाही ओढली.

"सर, बाकीची रोपं आडवी झाली. हे एकच कसं उभं?"

हेडसरांनी वाकून पाहिलं. "बाकीची कालच लावलीत, हे जुनं आहे. मुळांनी माती धरून ठेवली असेल."

"असेल, की आहे?"

हेडसर विचारात पडले. इकडेतिकडे बघून त्यांनी पँट जरा वर ओढली आणि साहेबांशेजारी बसले. "अजून एक बादली आणा रे. पण एकच हं!"

बाई धीर करून पुढे आल्या. "साहेब, ते माझ्या नोकरीचं..."

"झाली कायम," वाफ्यावरची नजर न हलवता साहेब म्हणाले. "आता जरा बाजूला व्हा बाई, दिसत नाहीये."