उकंडरावांचा नवा जुना चष्मा

उकंडराव आडे यांचे डोळे अगदी ठणठणीत आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तर समोरच्या हॉटेलातल्या कढईतलं भजं कच्चं आहे की झालंय, हे ते माझ्या दुकानात बसून सांगतात. तरीही आख्ख्या दिग्रसमध्ये चष्म्याचा त्यांच्याएवढा नाद दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही.

बसस्टँडकडून बाजाराकडे वळलं की माझं चष्म्याचं दुकान लागतं. पहिल्यांदा आले तेव्हा उकंडराव दारातूनच गरजले, "लक्ष द्या! उकंडराव दुकानात येऊन राह्यले हायेत!" माझ्या हातातली काच पडता पडता राहिली. मग कळलं, की यांची सगळी नोकरी एसटीत, स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्तीच्या दिवशी माइक तिथेच ठेवला, आवाज मात्र घरी घेऊन आले. घरी तो ऐकायला कुणी नव्हतं. बायको, शेवंताबाई, त्याआधीच वारली होती. गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, भांडायलासुद्धा घरात माणूस उरलं नव्हतं.

"माय, मले चष्मा पायजे. जुन्या जमान्याचा."

"जुने चष्मे मी ठेवत नाही, काकाजी."

"जुना कायले? नवाच पायजे. पन जुना."

हे कोडं सुटायला मला जरा वेळ लागला. त्याच सुमारास नागपूरच्या होलसेलवाल्याने कॉलेजच्या पोरांसाठी एक पेटी पाठवली होती. आजोबा-पणजोबांच्या फोटोत असतात तशा फ्रेमा, पण कारखान्यातून कोऱ्या करकरीत आलेल्या. स्टँडवर त्या घातलेली पोरं पाहून काकाजींचं मन त्यांवर बसलं होतं.

ती पेटी त्यांच्यापुढे ठेवली आणि माझी दुपार गेली. एकेक फ्रेम नाकावर चढवायची, आरशाकडे ढुंकूनही न बघता तोंड माझ्याकडे करायचं आणि निकाल द्यायचा. जाड काळी घातली, "हा वकील. खोटं बोलते." चौकोनी घातली, "हा तहसीलदार. उद्या या म्हन्ते." अर्ध्या भिंगाची घातली आणि वरून माझ्याकडे बघत म्हणाले, "हा पोरगी पाह्याले आलेला मामा. याले चहात साखर कमी लागते." एक तर बिनकाड्यांची होती, नुसती नाकाला चिमटा घेऊन बसणारी. ती घालून शिंकले, ती थेट माझ्या मांडीवर येऊन पडली. "याले कानाचं कामच नाही," म्हणत त्यांनी ती तुच्छतेने बाजूला सारली.

शेवटी गाडी थांबली ती गोल तारेच्या चष्म्यावर. त्याच्या काड्या मऊ तारेच्या, कानाला पूर्ण वेढा घालणाऱ्या. तो बसवायचा म्हणजे तार थोडी वाकवायची, कानामागून बोट फिरवून बघायचं, पुन्हा वाकवायची. घाई केली की कान सोलतो. दोन्ही कान होईपर्यंत हा बोलका माणूस चकार शब्द बोलला नाही. मग एकदम म्हणाला, "लागली गाडी!"

काच अर्थातच साधी, बिननंबरची. स्टँडवरचे ऑटोवाले त्यांना 'बॅरिस्टर' म्हणू लागले. त्यांना ते आवडलं. बॅरिस्टर रोज स्टँडवर बसून, कुणी विचारलेलं नसताना, लोकांना पुसदची गाडी कुठे लागते ते सांगू लागले.

आठवडा गेला नसेल तोच पुन्हा दारात. "ढिल्ला झाला, माय."

बसवून दिला. पुन्हा ढिला झाला. मग हे सुरूच राहिलं. मी म्हटलं, "काकाजी, घालून झोपता काय?"

"मंग? सपनं साफ दिसते न."

नागपूरवाल्याचा मालच हलका असेल असं मी धरून चालले. पण एका बाजाराच्या दिवशी काचेच्या दारातून सहज बाहेर बघितलं, तर काकाजी समोर चहाच्या टपरीवर बसलेले. त्यांनी चष्मा काढला, चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि अंगठ्याने दोन्ही काड्या सरळ केल्या. पुन्हा घातला, मान हलवून बघितली. पडला नाही. अजून सरळ केल्या. या वेळी जोरात मान हलवली, तसा तो टपकन कपातल्या चहात पडला. शर्टाच्या टोकाने पुसत पुसत ते रस्ता ओलांडून आले. "लक्ष द्या! ढिल्ला झाला!"

हसू दाबत मी पकड हातात घेतली. आता टपरीवरचं सगळं बोलून दाखवायचं, असं ठरवलं होतं. पण काडी वाकवताना नजर कानावरून चेहऱ्यावर गेली. काकाजींनी डोळे मिटले होते. मानेखाली खाजवलं की वासरू जसं अंग सोडून देतं, तशी त्यांची मान हळूहळू माझ्या हाताकडे कलली होती. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. त्या दिवशी मी काही बोलले नाही, नंतरही नाही. ढिला झाला म्हणाले की बसवून द्यायचा.

पण तार किती सोसणार? या हिवाळ्यात, उजवा कान बसवत असताना, ती कटकन तुटली.

मी लगेच नागपूरला फोन लावला. "ते मॉडेल बंद झालं, ताई," तिकडून उत्तर आलं. काकाजी ऐकत होते. मी स्प्रिंगच्या काड्यांची एक छान फ्रेम काढून त्यांच्यापुढे धरली. "ही घ्या, माझ्याकडून. ही कधीच ढिली होत नाही."

एवढं बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले ते.

"नको, माय." त्यांनी तुकडे रुमालात बांधले, उठले, पायरी उतरले. मग परत आले. आवाज स्टँडवरचा नव्हता.

"शेवंता होती तं रोज डोक्याले तेल लावून दे. मी कावून जाओ, म्हनो, कायले वं चोपडून राह्यली? आता कोनाचा हातच लागत नाही, माय. मुंडकं हाय का नाही, हेबी समजत नाही. तू कानामागं काडी बसवते न, मंग संध्याकाळलोक समजते, का हाय."

मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं. ट्रेमध्ये हात घातला, हाताला आली ती फ्रेम काढली. बायकांची होती, जांभळी, दोन्ही कोपरे मांजरीच्या डोळ्यांसारखे वर गेलेली. काकाजींनी ती बघितलीसुद्धा नाही. मी ती त्यांच्या नाकावर ठेवली आणि डाव्या कानापासून सुरुवात केली.

तेवढ्यात एक बाई डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आत आली. जांभळ्या चष्म्यातल्या बॅरिस्टरकडे बघून तिने ओठ दाबले. "ताई, वेळ आहे काय?"

"बसा," मी म्हटलं. "यांचं फिटिंग चालू आहे. वेळ लागेल."