विसूभाऊंची रेघ

आमच्या आळीत टीव्ही दोनच. एक सावंतांकडे, त्यावर सिनेमा दिसायचा. दुसरा विसूभाऊंकडे, त्यावर रेघ.

नुसती रेघ. पांढरी, बारीक. उजव्या कडेने आत शिरायची, वरखाली होत डावीकडे सरकायची आणि डाव्या कडेला पोचली की नाहीशी व्हायची. रविवारी संध्याकाळी सगळी आळी सावंतांच्या ओटीवर चेंगरून नटीचं रडणं बघत असे, तेव्हा विसूभाऊ लाकडी खुर्चीत बसून पेजेचं तापमान बघत. होय, पेजेचंच. पातेल्यात एक तार सोडलेली, ती तार एका डब्याला, डबा टाइपरायटरसारख्या दिसणाऱ्या कॉम्प्युटरला आणि कॉम्प्युटर टीव्हीला जोडलेला. तो कॉम्प्युटर मेहुण्याने दुबईहून आणलेला. रत्नागिरीतला पहिला असावा. मी सांगताना आशियातला पहिला म्हणून सांगतो.

विसूभाऊ मिरकरवाड्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात इंजिनियर. तिथे गोल कागदावर एक सुई दिवसभर तापमानाची रेघ काढत बसे. त्या सुईवर त्यांचा जीव. "बंड्या," ते मला म्हणत, "आकडा लबाड असतो. म्हणतो, मी एवढा. बस्स. रेघ सांगते, कुठून आलो नि कुठे चाललो. तू रेघ बघ, रेघ!"

एकदा त्यांनी विजेच्या दाबाची रेघ लावली. ती बघायला मात्र आळी लोटली, सावंतांची ओटी ओस पडली. रेघ खाली निघाली की बायका "गेली गो, गेली!" म्हणून किंचाळत, वर चढली की टाळ्या. एकदा ती इतकी खाली गेली की टीव्हीतून उतरून टेबलाच्या पायापर्यंत आली. मी स्वतः पाहिली. लाइट गेले होते, तरी पाहिली.

हा सगळा पोरखेळ वहिनी, म्हणजे विसूभाऊंच्या मंडळी, दारात उभ्या राहून हसून बघत. आणि मग वहिनींचे कान गेले. विषमज्वराने. दोन्ही.

कान गेले ते एक वेळ चाललं असतं, पण त्यांना आपल्या आवाजाचा अंदाज येईना. एका हळदीकुंकवाला शेजारणीच्या कानाशी लागून त्या कुजबुजल्या, "हिचे लाडू फोडायला कोयता लागेल गो!" कुजबुज कसली, मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव थांबला! बायका हसून लोळल्या, लाडूवालीसुद्धा. वहिनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग कुणीतरी खुणेने समजावलं.

त्या दिवसापासून वहिनी बोलायच्या बंद झाल्या. मीठ हवं तर चिमूट दाखवत, नको तर हात हलवत. आमच्या दोन घरांमधल्या गडग्यापलीकडून "भाऊजी, चहाऽ!" अशी मला यायची ती हाकसुद्धा गेली.

विसूभाऊंनी पेजेतली तार काढली आणि डब्याला माइक जोडला. पडद्यावर दोन आडव्या खुणा केल्या.

"ह्या दोहोंच्या मधे रेघ राहिली की आवाज घरातला," ते म्हणाले. "वरची ओलांडली की आळीतला."

"आणि खालच्या खुणेच्या खाली?"

"मनातला."

म्हणजे कानांनी जे कळत नव्हतं ते वहिनींनी डोळ्यांनी बघायचं. पण माणूस असं कबूल करील तर शपथ! "प्रयोग आहे," एवढंच.

प्रयोग साफ फसला. बऱ्याच मिनतवारीनंतर वहिनींनी माइकपुढे "मीठ" म्हटलं. रेघ सपाट. त्या वाट बघून उठल्या, चुलीपाशी गेल्या, आमटीला फोडणी दिली, तेव्हा कुठे इकडे रेघ टुणकन उडाली. परत येऊन त्यांनी पडद्याकडे पाहिलं, विसूभाऊंकडे पाहिलं आणि हातानेच 'नको' केलं.

"बफरची भानगड आहे रे," विसूभाऊ मला सांगू लागले. आलेले आकडे साठवायची जागा, तिला ते बफर म्हणत. "नवा आकडा आला की आधीचे सगळे एकेक घर डावीकडे सरकवायचे, सगळ्यात जुना बाहेर टाकायचा, मग रेघ पुसून पुन्हा काढायची. रेशनच्या रांगेसारखं. एवढी रांग सरकेपर्यंत बाई बोलून मोकळी होते!"

गणपती गेले, दिवाळी गेली. रांग काही वेगाने सरकेना. विसूभाऊंची दाढी वाढली. कारखान्यात त्यांनी म्हणे एकदा बर्फाऐवजी कोमट पाणी काढलं.

माघात मी त्यांना ओढून हेदवीच्या उत्सवाला नेलं. यष्टी, होडी, पुन्हा यष्टी. प्रसादाची पंगत बसली. इतक्यात उशिरा आलेले कुणी आजोबा टोकाला उभे. वाढपी ओरडला, "जरा सरका हो!" सगळी पंगत पत्रावळ उचलून एकेक जागा सरकली. भात सांडला. लगेच दुसरे आजोबा आले. पुन्हा "सरका!" तिसऱ्या आजोबांच्या वेळी आमटीचा जो ओहोळ निघाला तो थेट समुद्राला मिळाला, आणि सरकता सरकता माझ्यापुढे भलत्याचीच पत्रावळ आली.

वाढपी वैतागला. कमरेवर हात ठेवून गरजला, "आता कुणी हलायचं नाही! ज्याचं आधी आटपलं त्याने उठायचं, नवा त्याच जागेवर बसेल. फिरायचं काम माझं!"

विसूभाऊंचा घास हातातच राहिला. "बंड्या," ते पुटपुटले, "पानं कशाला सरकवायची मेल्या? वाढपी फिरू दे!" ताडकन उठून त्यांनी त्या वाढप्याला आमटीच्या बादलीसकट मिठी मारली आणि खरकट्या हाताने यष्टी गाठली. पंगतीतली पहिली रिकामी जागा त्यांनीच केली.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी डोकावलो. पडद्यावर रेघ सरकत नव्हती. आकडे आपापल्या जागी बसलेले आणि एकच ठिपका डावीकडून उजवीकडे धावत होता, जुनं पुसत, नवं काढत. कडेला पोचला की पुन्हा पहिल्यापासून. वहिनी माइकपुढे बसून शेंगा सोलत होत्या. टरफल टिचकलं की रेघ तिथल्या तिथे टिचकत होती.

मला बघून वहिनींनी एकदा पडद्याकडे नजर टाकली, पदर सावरला आणि म्हणाल्या, "भाऊजी, बसा. चहा ठेवते."

रेघ दोन खुणांच्या बरोबर मधून गेली.

"काल शिऱ्यात साखर जास्त पडली हो," त्या पडद्यावरून नजर न हलवता सांगू लागल्या, "तर ह्यांनी सगळा खाल्ला, बोलले नाहीत." मग आईचं काही, मग मांजराचं काही. वर्षभराचं साठलेलं सगळं, अगदी घरातल्या आवाजात.

विसूभाऊ मात्र टीव्हीकडे पाठ करून बसले होते. डोळे मिटलेले. उभा जन्म ज्या माणसाने रेघ सोडून काही पाहिलं नाही, तो रेघेकडे बघतसुद्धा नव्हता.

"काय विसूभाऊ," मी म्हटलं, "डुलकी लागली की काय?"

त्यांनी डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं.

"गप रे," ते हळूच म्हणाले, "मधे बोलू नको. तुझा आवाज तिच्या रेघेत जातो."