एकच तळटीप

आमच्या गावाचा इतिहास माझ्याइतका बारकाईनं कोणीही वाचलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! एकतीस वर्षं गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि तिथला सर्वांत नियमित वाचकही मीच होतो. किल्ल्याचा तट कधी बांधला, वेशीचं दार कितीदा जळलं, तळ्याच्या पायऱ्या कोणी मोजल्या आणि मोजताना कितीनं चुकला, काहीही विचारा. फक्त चारचौघांत विचारू नका. चारचौघांत मला स्वतःचं नावसुद्धा खात्रीनं सांगता येत नाही.

हिवाळा सरताना आमच्या किल्ल्याचा उतार तीन आठवडे पिवळ्या फुलांनी भरून जातो. तेवढे तीन आठवडे आमचं गाव हे गाव असतं. एरवी ते दोन शहरांच्या मधलं एक वळण असतं. लोक बसगाड्या भरून येतात, फुलांत बसून फोटो काढतात आणि मग धापा टाकत किल्ला चढतात. यंदा अशा पाहुण्यांसाठी नगरपालिकेनं माहितीपत्रक काढायचं ठरवलं आणि हेडक्लार्कनं मला बोलावलं.

"काका, एक पान हवंय. सोपं लिहा. लोक पत्रक वाचतात आणि मग गवतावर टाकून त्याच्यावर बसतात, हे लक्षात ठेवा."

मी दोन महिने खपलो. मजकूर एका पानाचा झाला आणि तळटीपा झाल्या बावीस.

"हे खाली काय?" हेडक्लार्कनं विचारलं. "पानाला मुंग्या लागल्यासारखं?"

"तळटीपा. म्हणजे आधार..."

"काढा."

"सगळ्या?"

माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. त्यानं फूटपट्टी काढली आणि पान मोजलं. "तळाला दोन ओळींची जागा उरतेय. दोन ओळींची कुठली आहे?"

दोन ओळींची एकच होती, सतरावी. आकारामुळे ती वाचली. मला वाटलं असतं तर मी तिथंच म्हणू शकलो असतो, 'ही नको, दुसरी छोटी करून देतो.' पण मी तसं म्हटलं नाही. उलट घरी येताना मी शीळ घालत आलो. एक तरी तळटीप छापली जाणार होती!

आता ती सतरावी तळटीप कशाबद्दल होती, ते सांगायला हवं, आणि त्यासाठी भोंग्याबद्दल सांगायला हवं.

भोंगा हा आमच्या किल्ल्यावरचा गाईड आणि पहिलीपासून माझ्या बाकावरचा मित्र. आवाज असा की तो बुरुजावर खोकला तर बाजारात दुकानदार दचकतात. मला तो लहानपणापासून वाळवी म्हणतो. रोज संध्याकाळी तो शेवटची टोळी खाली सोडून यायचा, मी वेशीपाशी उभा असायचो आणि आम्ही दोघं तळ्याला एक चक्कर मारायचो. तो बोलायचा, मी ऐकायचो. पन्नास वर्षं ही विभागणी दोघांनाही सोयीची होती.

भोंग्याचा हुकमाचा पत्ता म्हणजे बुरुजातला झरोका. राजा लढाईवर गेला आणि राणी त्या झरोक्याशी उभी राहून त्याची वाट पाहत राहिली, ही गोष्ट. आम्ही शाळेत होतो तेव्हा ती अकरा दिवस उभी होती. भोंगा गाईड झाल्यावर एकवीस झाले. हल्ली ती चाळीस दिवस उभी असते आणि पाणीही पीत नाही. शेवटी भोंगा स्वतः झरोक्याशी तोंड नेऊन अशी हाक मारतो की बायका पदर डोळ्यांना लावतात आणि पुरुष उगीचच चष्मे पुसतात.

आणि माझी सतरावी तळटीप अशी: 'सदर झरोका धान्याच्या कोठारात हवा खेळावी म्हणून ठेवलेला आहे. राणीचा काहीही संबंध नाही.'

पहिल्या रविवारी माझं पत्रक लोकांच्या हातांत बघायला मी किल्ल्यावर गेलो आणि एका खांबाआड उभा राहिलो. एका शाळेची सहल आली होती. भोंगा रंगात आला होता. राणीचा एकोणचाळिसावा दिवस चालू होता, ओठ सुकले होते, क्षितिजावर धूळ दिसत होती... आणि एका दोन वेण्यांच्या मुलीनं हात वर केला.

"काका, पण यात वेगळंच लिहिलंय!"

आणि तिनं वर्गात धडा वाचतात तशी, स्पष्ट आणि खणखणीत, माझी तळटीप वाचून दाखवली. सगळी. पूर्णविरामापर्यंत!

"शाब्बास!" तिच्या बाई म्हणाल्या. "उच्चार किती शुद्ध!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. भोंग्यानं मुलीकडून पत्रक घेतलं, हात लांब करून वाचलं. तळाशी छापलं होतं, 'संशोधन: निवृत्त ग्रंथपाल'. आमच्या गावात निवृत्त ग्रंथपाल एकच आहे. खांबाआडून त्याचं पोट बाहेर येतं, हेही भोंग्याला ठाऊक होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं! तो सहलीकडे वळून हळूच म्हणाला, "एवढंच. पुढं पाहण्यासारखं काही नाही." आणि पायऱ्या उतरून गेला. त्या मुलांनाही तो आवाज नीट ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा किल्ल्यावर गेला नाही. तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी त्याची बायको आमच्या दारात.

"भाऊजी, हे बोलत नाहीत हो. बेचाळीस वर्षांत मला पहिल्यांदा घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. खोटं कशाला बोलू, दोन दिवस बरं वाटलं. पण काल भाजी खारट झाली तरी गप्प! आता मला भीती वाटतेय."

आमची ही आतून म्हणाली, "जा आणि माफी मागा. सरळ मागा. जाताना पुस्तक नेऊ नका!"

मी पुस्तक नेलं नाही. फक्त कागद नेला. त्या काळच्या गवंड्यानं लिहिलेल्या पत्राची ती नक्कल होती. मला वाटलं, मी हे आकसानं लिहिलं नाही, एवढं त्याला दिसावं.

भोंगा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"भोंग्या, चुकलं माझं."

तो किंचित हलला. इथं मी थांबायला हवं होतं. थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती.

"म्हणजे माहिती चुकली नाही," मी म्हटलं. "ती बरोबरच आहे. हे बघ, गवंडी स्वच्छ लिहितोय, 'उंदीर फार झाले, झरोका उंच ठेवला.' राणीचं नावसुद्धा नाही. पण ते छापायला नको होतं."

भोंगा उठला, कागद माझ्या हातातून घेतला, त्याची नीट चौपदरी घडी घातली, माझ्या खिशात ठेवली आणि मला दारापर्यंत सोडलं. दार लावतानाही आवाज केला नाही!

इकडे फुलं ऐन बहरात होती. हेडक्लार्क सायकल दामटत आला. "काका, उद्या तीन बस येतायत. गाईड नाही. आता तुम्हीच या. तुम्हीच लिहिलंय ना?"

नाही म्हणायलाही आवाज लागतो. मी गेलो.

पहिली बस वेशीपाशीच अर्धी झाली. मी पुटपुटत होतो, "हा तट, एका मतानुसार..." आणि मागची माणसं पुढच्यांना विचारत होती, "प्रार्थना चाललीय का?" झरोक्यापाशी पोचलो तेव्हा माझ्याबरोबर सहाजण उरले होते. त्यातले दोघं सावलीसाठी आले होते.

त्या सहांत एक वयस्क बाई होत्या. हातात ते पत्रक. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "भाऊ, लग्नानंतर आम्ही इथं आलो होतो. इथंच त्यांनी माझा हात धरला होता, ती गोष्ट ऐकताना. गेल्या वर्षी ते गेले, म्हणून मुद्दाम आले. हे खरंच कोठार होतं का हो?"

मी उभ्या आयुष्यात ग्रंथपाल म्हणून कधी खोटं बोललो नव्हतो. "छे छे!" मी म्हटलं. "राणीच! चाळीस दिवस! ती छपाईची चूक आहे!"

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

संध्याकाळपर्यंत ते हेडक्लार्कलाही ऐकू गेलं. तो छापखानेवाल्यावर ओरडला. छापखानेवाला माझं हस्तलिखित घेऊन आमच्या दारात येऊन ओरडला. मी दोघांचं सगळं ऐकून घेतलं आणि कबूल केलं. शेवटी हेडक्लार्क कपाळाला हात लावून म्हणाला, "दीड हजार पत्रकं शिल्लक आहेत. चूक म्हणून तुम्हीच सांगितलंत, आता ती तळटीप तुम्हीच खोडा. सगळ्यांवरची!"

मी आणि आमची ही, तीन दिवस, काळी शाई. ही दर शंभर पत्रकांनंतर एकदा माझ्याकडे बघायची. मग पुढचा गठ्ठा ओढायची.

आणि मग नको तेच झालं! तळटीप छापलेली होती तोवर ती मुलगी आणि त्या वयस्क बाई सोडल्या तर कुठल्याच पाहुण्यानं ती वाचली नव्हती. खोडल्यावर ती प्रत्येकाला वाचायची होती! लोक पत्रक उन्हात धरत, पाठीमागून बघत, नखानं खरवडत. "काय लपवलंय हो?" "राणीचं काही लफडं होतं का?" पुढच्या रविवारी तीनच्या जागी नऊ बस आल्या. फुलांकडे कोणी बघेना. सगळे बुरुजाखाली उभे राहून वर झरोक्याकडे बोट दाखवत होते आणि मी त्यांच्यासमोर उभा राहून घामानं निथळत होतो.

"अहो, बोला की!" मागून कोणीतरी ओरडलं.

"त्याचं असं आहे..." मी म्हटलं.

"मी सांगतो!"

बुरुजावरची कबुतरं एकदम उडाली. पायऱ्या चढून भोंगा येत होता, टोपी तिरकी, छाती पुढं. मी बाजूला झालो. त्यानं मला ओलांडलं, माझ्याकडे न बघता.

"काळ्या रेघेखाली काय आहे, विचारताय? ऐका! राणीच्या दरबारात एक लेखनिक होता. जन्मात त्यानं पुस्तकातून मान वर केली नव्हती. राणी चाळीस दिवस उभी होती आणि हा शेजारी बसून लिहीत होता. काय लिहीत होता? 'इथं कोणी उभं नाही. इथं धान्य आहे!'"

"अरेरे!" गर्दी म्हणाली.

"राजा परतला, त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, माझी कोणी वाटच पाहिली नाही! आणि आल्या पावली परत गेला!"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. लेखनिकाला खंदकात फेकलं तेव्हा टाळ्यांनी बुरुज दणाणला. खरं सांगतो, इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता. भोंगा बोलत होता!

संध्याकाळी मी वेशीपाशी उभा राहिलो. भोंगा आला. "झकास सांगितलंस," मी म्हटलं. तो तळ्याकडे न वळता सरळ घरी गेला.

फुलं सुकून आता दोन महिने झाले, तरी त्या लेखनिकासाठी बस येतातच. भोंगा साऱ्या जगाशी बोलतो, माझ्याशी नाही. म्हणून मी दर रविवारी तिकीट काढून गर्दीत मागं उभा राहतो. माझ्यावरचा त्याचा राग किती उतरला, हे कळायला दुसरी सोयच नाही. मध्यंतरी त्यानं लेखनिकाला खंदकात न फेकता नुसतं हद्दपार केलं, तेव्हा मला आशा वाटली होती. मी घरी येऊन हिला म्हटलंही, "निवळतोय!"

गेल्या रविवारी लेखनिकानं राणीच्या पोपटाला विष घातलं. माझ्या शेजारच्या बाईंनी "मेला!" म्हणत कडाकड बोटं मोडली. मीही मोडली. एकटा वेगळा दिसू नये म्हणून.