बादलीत बसलेला बाप

साहेब, हे तुम्ही केलंत. नाव घेत नाही. शाळा मंडळाच्या बैठकीत टेबलाच्या टोकाला कोण बसतं, हे आपल्या हॅकबेरी गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. शाळेतल्या मुलांच्या बेसबॉलला तुम्ही हिरवागार गालिचा अंथरलात, दिवे लावलेत, बॉल टाकणाऱ्या पिचरने सामन्याआधी हात मोकळा करावा म्हणून पत्र्याची शेड बांधलीत. मुलींच्या सॉफ्टबॉलला काय दिलंत? खडी. संडासाची भिंत आणि पिकअप गाड्या यांच्या मधली चिंचोळी खडी. त्या खडीवर व्हर्नन टॅकेटचं जे झालं ते तुमच्या कानावर अर्धंच आलंय. आता पुरतं ऐका.

व्हर्नन हा मार्लीचा बाप, आणि मार्ली आमची पिचर. पिचर मुलीच्या बापाचं आसन ठरलेलं असतं: बॉल ठेवायची उंच प्लास्टिकची बादली आणि तिच्यावर गादी चिकटवलेलं झाकण. पोरगी लहान असताना बाप त्यावर जो बसतो, तो ती शाळा सोडेपर्यंत उठत नाही. ती हात चक्रासारखा फिरवून कमरेखालून बॉल सोडते, तो झेलतो आणि परत टाकतो. व्हर्ननच्या नडग्यांवर निळा डाग नाही असा महिना गेला नाही. माणूस सोन्यासारखा, पण गळा राक्षसाचा. तो कुंपणाला लटकून ओरडायला लागला की पलीकडच्या कुरणातल्या गायी पान्हा चोरायच्या.

गेल्या मोसमात एका कॉलेजची कोच मार्लीला बघायला आली होती. व्हर्ननने अंपायरच्या डोळ्यांचा उद्धार केला, मग त्याच्या आईच्या डोळ्यांचा, मग आजीच्या. कोचबाईंनी घडीची खुर्ची मिटली आणि अर्ध्या सामन्यातून निघून गेल्या. मार्ली आठवडाभर बापाशी बोलली नाही.

आता ऑक्टोबरात दुसरी कोच येणार होती. रेनाटा बायवॉटर. तिला एकच पिचर हवी होती, आणि आमच्या गावातून कॉलेजात पिचर म्हणून आजवर एकही पोरगी गेलेली नाही. व्हर्ननने शाळेच्या कोचला, नेडीन प्रुइटला, गाठलं.

"नेडीन, ही बाई बघणार काय? वेग?"

"वेग ती यंत्राने मोजेल."

"मग उंची?"

"ताडासारख्या पोरी थरथरताना बघितल्यात मी. ती चेहरा बघते, व्हर्नन. बॉल चुकला, अंपायर चुकला, मैत्रिणीने झेल सोडला, तेव्हा पिचरचा चेहरा काय करतो ते बघते. आणि कुंपणाला लटकलेलं माकड कुणाचं आहे, तेही."

"माकड म्हणजे मी?"

"मी नाव घेतलं का?"

घरी मार्लीने बापाला टेबलाशी बसवलं. "डॅडी, एक शब्द बोलायचा नाही. आणि उठून कुंपणाकडे जायचं नाही."

"नाही उठणार."

"शपथ?"

"तुझ्या आजीच्या भट्टीतल्या पीच पायची शपथ." त्या घरात याहून मोठी शपथ नाही.

सामन्याच्या दिवशी वारा बोचरा होता. व्हर्नन खडीवर बादली ठेवून बसला, होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभी राहते त्या जागेच्या, मागच्या जाळीला अगदी लागून, कारण दुसरीकडे गाड्या होत्या. मार्लीने सरावाचा शेवटचा बॉल तिचा खास टाकला, समोर येऊन अचानक वर उसळणारा. व्हर्ननने अर्धवट उठून तो झेलला आणि समाधानाने सगळं वजन खाली सोडलं. खडीत बादली आधीच तिरकी होती. झाकण कडकन मोडलं आणि व्हर्नन बाटलीत बूच बसावं तसा आत गेला. गुडघे छातीला भिडले. मार्लीला तोवर मैदानात बोलावलं होतं.

त्याची बायको ट्वायला घोंगडी घेऊन आली. "असा काय बसलायस?"

"अडकलोय."

"ऊठ."

"ट्वायला, अडकलोय म्हणजे काय असतं?"

तिने दोन्ही हात धरून ओढलं. व्हर्नन आला, बादलीसकट. मग तिने बादली पायात धरून ओढलं.

"हळू गं! तिथे हाड आहे माझं!"

"नेडीनला हाक मारू?"

"आणि सांगशील काय? पिचरचा बाप बादलीत गेलाय?"

तेवढ्यात खडीवर पावलं वाजली. हातात वेग मोजायचं यंत्र, काखेत खुर्ची. रेनाटा बायवॉटर नेमकी तिथेच आली, कारण पिचर बघायला जाळीमागची तीच जागा उत्तम. ट्वायलाने घोंगडी व्हर्ननच्या मांडीवर अशी पसरली की बादली पार झाकली गेली. कोचबाईंनी मान हलवली, व्हर्नननेही. नियमाने सामना संपेपर्यंत तिला पालकांशी बोलता येत नव्हतं. व्हर्ननला वाटलं, देव दयाळू आहे.

देव तेवढा दयाळू नव्हता. भोंग्यावर राष्ट्रगीत सुरू झालं. टोप्या उतरल्या, सगळं मैदान उभं राहिलं. व्हर्ननने टोपी छातीशी धरली, पाठ ताठ केली, आणि बसून राहिला.

मागून ऑरव्हिल स्टॅम्प्सचा आवाज आला. ऑरव्हिल म्हातारा फौजी, सैन्याची टोपी फक्त झोपताना आणि राष्ट्रगीताला काढणारा. "व्हर्नन. ऊठ."

व्हर्ननने टोपी छातीशी आणखी घट्ट दाबली.

"ऊठ की लेका! ट्वायला, काय झालंय याला?"

"गुडघा दुखतोय त्याचा, ऑरव्हिल."

"गुडघे दोन असतात!" गीत संपलं. ऑरव्हिल म्हणाला, "शनिवारी माझ्या दारात कॉफीला येऊ नकोस." सगळं गाव व्हर्ननच्या टाळूकडे बघत होतं. कोचबाईसुद्धा.

आणि मग मार्लीने बॉल टाकायला सुरुवात केली. साहेब, आम्ही त्या पोरीला लहानपणापासून बघतोय, पण त्या दिवशीसारखं कधी बघितलं नव्हतं. बॉल हातात आला की गेलाच. समोरच्या बर्डेट शाळेच्या बॅटर पोरींना बूट नीट रोवायला वेळ मिळेना. एक बॉल बॅटच्या वरून गेला, दुसरा प्लेटपाशी येऊन असा खाली बसला की त्याला कुणी बोलावल्यासारखं वाटलं. कॅचर पेस्ली उकिडवी बसतेय न बसतेय तोच पुढचा तिच्या हातमोज्यात. बर्डेटच्या कोचने तीनदा सामना थांबवला. तिन्ही वेळा मार्ली कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू तो रस्ता अडवून उभा आहे. आमच्या मागे नेहमी शेंगदाणे फोडायचा आवाज असतो, तोही बंद पडला.

मधेच अंपायरने माती खाल्ली. नेमका आलेला धडधडीत स्ट्राइक, आणि हा म्हणाला ‘बॉल’, म्हणजे चुकलेला. सगळं मैदान वळून व्हर्ननकडे बघायला लागलं. खुद्द अंपायरही मुखवटा वर करून वळला, काळ्या ढगाकडे बघावं तसा. व्हर्नन जांभळा पडला. तोंड मिटलेलं. त्याला कमरेखाली काही शिल्लक आहे की नाही हेच कळत नव्हतं. मग एक उंच उडालेला बॉल जाळीवरून सरळ त्याच्या डोक्यावर आला. आजूबाजूचे पळाले, कोचबाईही बाजूला झाली. व्हर्नन कुठे पळणार? त्याने बसल्या जागी हातमोजा वर केला आणि झेलला. कोचबाईने खुर्ची परत आणून त्याच्या शेजारी मांडली.

शेवटच्या इनिंगला आम्ही एका धावेने पुढे होतो. दोन आउट, आणि एक झेल की सामना संपला. दुसऱ्या-तिसऱ्या तळांच्या मधली जागा राखणाऱ्या शॉर्टस्टॉप जोसी रेनच्या हातात झेल आला आणि तिने तो सोडला. बर्डेटची पोरगी तिसऱ्या तळावर जाऊन उभी, बरोबरीच्या धावेला एकच टप्पा उरलेला. जोसीचे डोळे भरले. मार्ली तिच्याजवळ गेली, कानात काहीतरी पुटपुटली, आणि जोसी भर मैदानात फिस्सकन हसली. मग मार्ली परत आली. पहिला बॉल उसळला. दुसरा बसला. तिसरा तिने त्याच झपाट्याने हात फिरवून इतका हळू सोडला की बॅट फिरून संपली, बॅटर गुडघ्यावर आली, आणि मग बॉल पेस्लीच्या हातमोज्यात सावकाश येऊन पडला. तीन हुकले, बॅटर आउट, सामना आमचा.

ऑरव्हिलने टोपी काढली. राष्ट्रगीत नसताना.

सामना संपला तशी कोचबाई हात पुढे करून व्हर्ननसमोर आली. "मिस्टर टॅकेट, मी आयुष्यभर मुली बघतेय, पण असा बाप नाही बघितला. अंपायर चुकला, तुम्ही हूं की चूं केलं नाही. राष्ट्रगीताला बसून राहिलात, मला ते पटलं नाही. पण ते तुमचं मत."

व्हर्ननला एवढा मान पचला नाही. "मॅडम, मत नाही ते. बादली आहे." आणि त्याने घोंगडी उचलली.

मार्ली धापा टाकत आली. "डॅडी, पाय आहेत ना अजून?"

"तुला माहीत होतं?" कोचबाईने विचारलं.

"पहिल्यापासून. मम्मी तिची घोंगडी कुणाला देत नाही. आणि डॅडी राष्ट्रगीताला बसला, म्हणजे अडकलाच असणार."

"म्हणून इतक्या भरभर टाकत होतीस?"

"मग काय करू? मला बघायला आलात म्हणून तो मेला असता तरी हाक मारली नसती त्याने. म्हटलं, लवकर संपवू."

"त्या शॉर्टस्टॉपला काय सांगितलंस?"

"सांगितलं, रडू नकोस, माझा बाप बादलीत आहे."

कोचबाई खडीवरच बसली आणि डोळे पुसेपर्यंत हसली. मग म्हणाली, "घाई होती पोरी, पण घबराट नव्हती. ते मला शिकवता येत नाही. पुढच्या महिन्यात कॉलेज बघायला या, तिघंही. बादली घरी ठेवा."

ऑरव्हिलने गाडीतून पत्रा कापायची कात्री आणली. कापता कापता पुटपुटला, "बादलीसकट उभा राहायचं होतंस. चाललं असतं मला." आणि थोड्या वेळाने, "शनिवारी ये कॉफीला."

तेव्हा कोचबाईने मोठ्याने विचारलं, "पण हा माणूस पार्किंगमध्ये बसला होता कशाला? या मुली हात मोकळा करतात कुठे?"

नेडीनने खडीकडे बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे मुलांच्या मैदानावरचे दिवे लखलखत होते. तिथे चिटपाखरूही नव्हतं. तुम्ही मात्र इथे होतात, साहेब, कॉलेजच्या कोचबरोबर फोटो काढायला आलेले. प्रश्न ऐकताच तुम्ही फोन कानाला लावून गाडीकडे चालू लागलात. फोन वाजला नव्हता. तुमच्या शेजारीच उभा होतो मी.

मार्ली जाईल. तिच्यामागून पेस्लीची धाकटी बहीण आता हात फिरवायला शिकतेय, आणि तिचा बाप परवा नवी कोरी बादली घेऊन आला. तोही काही बारीक नाही. तो कुठे बसणार, साहेब? बोला.