दाव्याला बांधलेली मोटार

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी बावन्न वर्षांचा होतो आणि भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. तरी त्या उन्हाळ्यात माझ्या शेजाऱ्यानं, बापूराव ढोबळ्यानं, एक मोटार दारातल्या खांबाला बैलासारखी दाव्यानं बांधून ठेवली होती, आणि ते दावं दुपारी ताणलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं ते लिहितो. माझी शाळा तिसरीत संपली, पण डोळ्यांना शाळा लागत नाही.

आम्ही नागपूरजवळच्या वाडीला राहायचो, अमरावती रोडच्या अंगाला. ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायचं माझं दुकान होतं. बापूराव मूळचा बैलबाजारातला दलाल. पुढे त्याची गिऱ्हाइकं बैल सोडून ट्रक घ्यायला लागली, तेव्हा हाही जुन्या गाड्यांची दलाली करायला लागला. धंदा बदलला, माणूस बदलला नाही. गाडी पाहायला गेला की आधी डाव्या अंगानं फेरी मारणार, पाठीवर थाप देणार, मग बैलाच्या केसांत पाहावा तसा रंगात कुठं अशुभ, खोटा भोवरा आहे का ते शोधत बसणार. एका ट्रकमालकाला त्यानं सरळ विचारलं होतं, बैलाचं वय विचारावं तसं, दात किती झाले म्हणून. कोणी हसलं की तो एकच म्हणायचा, "जनावर बोलते गा. आपल्यालेच आयकू येत नाही." त्यानं घेऊन दिलेल्या काही गाड्या चांगल्या चालल्या, काही नाही. बैलांचंही तसंच झालं होतं.

त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती पोरगी नरखेडकडं दिलेली, ती आपल्या संत्र्याच्या बागेत आणि लेकराबाळांत गुंतलेली. घरात हा एकटा. त्याबद्दल तो कधी बोलला नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

जन्मभर दुसऱ्यासाठी सौदे करणारा हा माणूस त्या वर्षी स्वतःसाठी गाडी पाहायला निघाला आणि मला सोबत घेतलं. गाडी होती एका मयत मालगुजाराची, शहरातल्या त्यांच्या बंगल्यात उभी. शिकारीची विलायती गाडी. चारही चाकांना इंजिनाचा जोर. आत तांबडं कातडं, खिडक्यांना मखमलीचे पडदे, पानदान ठेवायला चांदीचं कडं, आणि मागं बसलेल्या धन्यानं ड्रायव्हरला थांबवायला दाबायची एक घंटी. असली गाडी मी लग्नाच्या वरातीतही पाहिली नव्हती.

मालगुजाराच्या विधवा बाईसाहेब व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "ते ह्या गाडीतच गेले. ड्रायव्हर सगळ्या वाटेनं त्यांच्याशी बोलत होता. फाटकात येऊन दार उघडलं तेव्हा कळलं."

मी बापूरावला बाजूला घेऊन समजावलं. पेट्रोल त्या वर्षी सोन्यासारखं महाग झालं होतं. सुटे भाग नागपुरात मिळणार नाहीत, मुंबईला लिहा आणि वाट पाहत बसा. गाडीचं वय झालं आहे. वर हे असं. "हा हत्ती हाय गा," मी म्हटलं.

"हत्ती त हत्ती," तो म्हणाला. "दारात उभा राह्यला पायजे."

सौदा त्यानं बैलबाजाराच्या रीतीनं केला. त्या रीतीत भाव तोंडानं बोलायचा नाही, रुमालाखाली हात घालून बोटं दाबून सांगायचा. पण बाईसाहेबांचा हात धरायचा कसा? म्हणून त्यांच्या वतीनं मी हात दिला. बाईसाहेब भाव मोठ्यानं सांगत, आणि तोच भाव मी रुमालाखाली बापूरावची बोटं दाबून त्याला गुपचूप कळवत होतो. बाई हसल्या नाहीत. त्या गाडीच्या मागच्या खिडकीकडं पाहत होत्या. शेवटी ठरलं की गाडी थोडे दिवस बापूरावच्या दारात राहील, रमली तर सौदा पक्का.

निघालो. बापूराव चालवत होता, मी त्याच्या शेजारी, मागं कोणी नाही. फाटकाबाहेर पडलो तशी घंटी वाजली.

बापूरावनं गाडी थांबवली. मागं वळूनही पाहिलं नाही. थोडं थांबला, "हो मालक" म्हणाला, आणि पुढं निघाला. मी म्हटलं, तार कुठं तरी टेकते आहे. तो म्हणाला, टेकत असंल.

वाडीला आल्यावर जोर पाहायला त्यानं गाडी तलावाच्या काठच्या चिखलात घातली. पुढच्या चाकांचा जोर जोडणारा दांडा आधी हलेना, मग दोघांनी मिळून ओढला, आणि गाडी म्हशीसारखी डुलत, पाणी झाडत वर आली. खरं सांगतो, त्या वेळी मलाही मोह झाला. मी मागच्या सीटवर जाऊन बसलो, मालगुजाराच्या कोपऱ्यात. उन्हानं दाराची कडी धरवत नव्हती आणि तेवढी जागा मात्र रांजणाखालच्या वाळूसारखी गार होती. कातड्यात एका माणसापुरता खळगा होता. मी उठलो. खळगा हळूहळू भरून आला, आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा तसाच दबला. हिना अत्तराचा वास आला. मी खाली उतरलो आणि बापूरावला सांगितलं की स्प्रिंगा गेल्या आहेत.

गाडी त्यानं दारातल्या कडुलिंबाच्या खांबाला बांधली. पुढच्या बंपरातून दावं काढून गाठ मारली आणि तिच्यापुढं पाण्याची बादली ठेवली. गल्लीतली माणसं पोट धरून हसली. कुत्री मात्र त्या अंगानं फिरकेनात.

वाडीत उन्हाळ्याच्या दुपारी रस्त्यावर काही हलत नाही. ट्रकही झाडाखाली निजतात. अशा दुपारी मी दुकानातून जेवायला आलो तर गाडी मागं सरकलेली, शहराकडं, आणि दावं तारेसारखं ताठ. हात लावला तर ते थरथरत होतं. ब्रेक ओढलेला होता. दुसऱ्या दिवशी मी स्वतः चाकांमागं दगड लावले. दुपारी दगड बाजूला पडलेले, दावं ताठ. मी म्हटलं, उतार आहे. आणि ते सिद्ध करायला लोटाभर पाणी जमिनीवर ओतलं. पाणी उलट्या दिशेला, बापूरावच्या उंबऱ्याकडं धावलं.

"पाह्यलं?" बापूराव म्हणाला. "घर आठवून राह्यलं तिले."

"लोखंडाले घर नसते गा."

त्यानं मला मूर्खाकडं पाहावं तसं पाहिलं. मग सांगितलं, की विकलेला बैल असा ओढ घेतो. त्यावर बैलवाल्यांत एकच इलाज. त्याला एकदा जुन्या गोठ्यात परत न्यायचं, रिकामी गव्हाण दाखवायची, गूळ चारायचा. आपलं तिथं कोणी उरलं नाही हे जनावराला कळलं, की ते मुकाट्यानं नव्या दारी येतं.

तर आम्ही मोटारीला रिकामी गव्हाण दाखवायला निघालो. बापूरावनं दावं खांबावरून सोडून बंपरलाच गुंडाळलं, आणि खिशात गुळाचा खडासुद्धा घेतला. अमरावती रोडनं शहराकडं वळल्यावर तो मला हळूच म्हणाला, इकडं पाह्य. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं, सावकाश, जुन्या ड्रायव्हरच्या सवयीनं. गाडीनं वळणं घेतली, एका गाईला वाट दिली, आणि ती बंगल्याच्या फाटकातून आत शिरली. पडवीखाली येऊन इंजिन बंद झालं. मागचं दार उघडलं. मी उघडलं नव्हतं, त्यानंही नाही.

बाईसाहेब पायऱ्या उतरून आल्या. हातात पाण्याचा पेला होता. आमच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. उघड्या दारापाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "आज उशीर केलात."

मी सीटवरच बसून राहिलो. बापूराव मात्र शांतपणे खाली उतरला, वाकून बंपरचं दावं सोडू लागला. गाठ सुटायला वेळ लागला.

"बाईसाहेब, हे जनावर विकू नका," तो म्हणाला. "ह्याची गव्हाण रिकामी नाही."

बाई भानावर आल्या. त्यांनी पेला पायरीवर ठेवला आणि विचारलं, "पण तुम्हाला एवढी गाडी हवी होती कशाला? जाणार कुठं होतात?"

"कुठंच नाही जी." त्यानं दावं खांद्यावर टाकलं. "बैल गेले, बायको गेली, पोरगी सासरी. सकाळी दार उघडलं का समोर मोकळं अंगण. दारात काहीतरी बांधलेलं असावं, जे आपल्याकडं तोंड करून उभं राहते. म्हातारी गाडी होती. वाटलं, राहील."

गाडी तिथंच सोडली. आम्ही बसनं वाडीला आलो. कंडक्टरनं दाव्याकडं पाहून जनावर कुठं म्हणून थट्टा केली, तेव्हा मी त्याला असे काही डोळे दाखवले की तो पुढं तिकिटं फाडायला गेला. बापूराव घरात शिरला आणि त्यानं दार लावून घेतलं. दिवस अजून बराच वर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून झाल्यावर मी आमची काळी गाय सोडली. बायकोनं विचारलं कुठं, तर तिला सांगितलं, मधात बोलू नको वं. गाय बापूरावच्या दारात नेली, तोंड त्याच्या उंबऱ्याकडं करून खांबाला बांधली, आणि हाक मारून म्हटलं, "आमच्याकडं जागा पुरत नाही गा. इथंच राहू दे हिले." तो बाहेर यायच्या आत मी दुकान उघडायला निघून गेलो.