उच्चार माहीत नसलेली खूण

भोरला तहसील कचेरीसमोर रशीदभाईंकडं अर्ज टाईप करायला गेलात, की ते आधी चौकटीच्या वहीत काढलेली एक खूण तुमच्यापुढं सरकवत. "हे कशागत दिसतंय?" सांगितल्याशिवाय अर्जाला हात लागत नसे.

पासलीचा एक शेतकरी म्हणाला, "गाडीचं चाक हाय की. पर आरे चारच?"

"चाक न्हाई, 'का' अक्षर हाय. तीन हजार वर्सांमागचं, ग्रीस देशातलं."

"मंग त्येंची गाडी चिखलात रुतत आसंल."

रशीदभाईंनी तेही वहीत लिहून घेतलं.

पुढच्या खोलीत टायपिंग, मागं घर, आणि त्यांची-आमची भिंत एकच, त्यामुळं मला हे सगळं पाठ. त्या जुन्या लिपीत आपल्या बाराखडीसारखी का, कि, को अशी एकेक खूण. कॉम्प्युटरवाल्यांनी जगातल्या अक्षरांना नंबर वाटले, त्यात याही खुणांना मिळाले. पण रशीदभाईंच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या जागी नुसते रिकामे चौकोन उमटत. म्हणून हे गृहस्थ एकेक चौकट भरून त्या खुणांचा फॉन्ट करत बसलेले.

"अवो, वाचणारं कोण उरलंय?" मी विचारी.

"नंबर मिळाला आक्का, आता तोंडबी पायजे ना."

खरं सांगते, मला राग यायचा. मागच्या खोलीत त्यांची बायको, शमीमभाभी, पक्षाघातानं आडवी. बोलणं जवळजवळ गेलेलं. एकदा मी बोललेच, "मेलेल्या माणसांची अक्षरं लावताय, घरातलीला काय पायजे ते बघा की."

ते रागावले नाहीत. वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. भाभींच्या तोंडून आता एकेकच अक्षर निघे, ती सगळी तिथं होती. 'ती' म्हणजे पाणी. 'को' म्हणजे उशी उंच करा. 'बा' म्हणजे खिडकी. प्रत्येकाला नंबर. सगळ्यांत खाली 'मु', आणि त्याच्यापुढं जागा कोरी.

"ह्येचा अर्थ?"

"लागला न्हाई अजून. लई येळा म्हणती, माझ्याकडं बघून."

"मंग नंबर कशापायी दिला?"

"त्या लिपीतबी काही खुणांचा उच्चार कुणालाच ठावं न्हाई, आक्का. तरी त्यास्नी नंबर दिलाय. टाकल्या न्हाईत."

तेवढ्यात आतून आवाज आला, "मु."

"आलो," म्हणत रशीदभाई अर्धा अर्ज मशीनवर सोडून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

बाकावर कामथडीचा एक माणूस ताटकळला होता. मी त्यांच्या खुर्चीत बसले, वहीतलं खुणेचं पान काढलं आणि त्याच्यापुढं सरकवलं.

"हे कशागत दिसतंय, सांगा बरं."