निथळलेले मटार आणि पिस्त्याचं दूध

श्रीपादअण्णा डबाबंद मटार घेण्याआधी डबा कानाशी धरून खुळखुळवत. कानडी मुलखातल्या आमच्या राजाजीनगरात, कोपऱ्यावरच्या दुकानात हा प्रयोग सुरू झाला, की मागची गिऱ्हाइकं मुकाट्यानं दुसरं दुकान गाठत.

"पाणी फार आहे," अण्णा निकाल देत.

"अण्णा, डब्यात पाणी असतंयच की!" निपाणीकडचा दुकानदार रडकुंडीला येई.

"मग पाणी म्हणून विका! मटार निव्वळ किती, ते सांगा."

'निव्वळ' हा अण्णांचा लाडका शब्द. उभी नोकरी दुकानदारांची वजनं-मापं तपासण्यात गेलेली. माझा मुलगा पास झाला, म्हणून पेढे घेऊन गेलो, तर पेढा तळहातावर तोलत म्हणाले, "गुण निव्वळ, की ग्रेस धरून?" पेढा मात्र सबंध खाल्ला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यांच्या पत्नीचं, सुमतीअक्कांचं, पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. फोडणीचा वास आला तरी त्यांना मळमळे. डॉक्टर म्हणाले, "प्रथिनं पोटात गेली तरच या टिकतील." मूलबाळ नाही, अण्णांना चहापलीकडे काही येत नाही. मग दुकानातून मटारचे डबे आले, आणि तेव्हा नवलाईचं असलेलं, पिस्त्याचा स्वाद घातलेलं सोयाबीनचं दूध. यातलं सरस कोणतं? पंच म्हणून मला बोलावणं आलं.

स्वयंपाकघरात चाळणीत मटार निथळत होते. शेजारी पितळी तराजू. अण्णा भिंगातून मटारच्या डब्यावरची आणि दुधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत होते.

"बघा लबाडी! मटारांची प्रथिनं पाण्यासकट वजनावर छापलीत. पाणी वगळून हिशेब करा."

"अण्णा, हा स्वयंपाक आहे की कुस्ती?"

"गप्प बसा हो. ग्रॅमला ग्रॅम, मटार जिंकला!"

आतल्या खोलीतून अक्कांचा क्षीण आवाज आला, "जिंकला असेल तर हार घाला त्याला. मला गिळवत नाही."

अण्णांचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाले, "उलटून पडले तर मटार निव्वळ शून्य. दूधच बरं."

तेव्हापासून रोज पिस्त्याचं दूध. अण्णा खोक्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचत, अक्का डोळे मिटून पीत.

"बरं लागतंय?"

"सरी आहे, ठीक आहे."

"आणखी स्वल्प?"

"घाला."

तरी अक्का वाळतच गेल्या. दसऱ्याआधी गेल्या.

तेरावं झाल्यावर मी एका दुपारी जेवणाचा डबा घेऊन गेलो. अण्णा रिकाम्या पलंगासमोर बसले होते. एक खोकं उरलं होतं. ते कापून त्यांनी पेल्यात ओतलं आणि एक घोट घेतला. तोंड कसनुसं झालं.

"हे... खडू कालवल्यासारखं लागतंय हो!"

"तुम्ही कधी चाखलं नव्हतं?"

"कसं चाखणार? तिच्या वाटचा एक घोट कमी झाला असता."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग पलंगाकडे वळून, हिशेब चुकलेल्या माणसासारखे पुटपुटले,

"सांगायचं तरी होतंस की गं. वेलचीचं पण मिळत होतं."